वन्संचा तिसरा गिअर

वन्संची शेवटची भेट झाली ती ठाण्यात कोपरीला, त्यांच्याच घरी. गाडी खाली गल्लीत लावून, शरदच्या काठीच्या चालीने जिना चढून आम्ही वर पोचलो, तोवर बराच वेळ गेला होता. दार ढकलून आत पाऊल टाकतो तोच पलंगावरून आवाज आला, "सुनंदा, बेअरिंग ओरडतंय गं तुझं." मी म्हटलं, "माझं की गाडीचं?" "तुझं ओरडणं मला नवं नाही. गाडीचं म्हणतेय. दाबून ओरडतंय की सोडून?" क्लच दाबला की आवाज येतो, की क्लचवरचा पाय काढल्यावर येतो, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "सोडून. दाबला की गप्प होतं." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "मग ते क्लचचं नाही, गिअरबॉक्सच्या आतलं आहे. घाबरू नकोस, बॉक्स लगेच बसत नाही. पण गॅरेजात हिरामणला दाखव." खोलीभर औषधांचा वास होता, उशाशी मोसंबीचा रस तसाच राहिला होता, आणि या बाई दोन मजले खालच्या गाडीची नाडी बघत होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी त्यांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. फोन शरदने घेतला. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि काठी शोधायला लागला. काठी त्याच्या हातातच होती.

उषावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, शरदची, थोरली बहीण. माझ्या वयाच्या डोंबिवलीतल्या बायका तोवर नणंदेला नावाने नाहीतर 'ताई' म्हणायला लागल्या होत्या, पण मी त्यांना शेवटपर्यंत वन्संच म्हटलं. त्यांनाही ते आवडायचं. म्हणायच्या, "ताई काय, सगळ्या शाळेची आहे. वन्सं मी तुझ्या एकटीचीच." ठाण्यातल्या एका शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि चहात इतकं आलं घालायच्या की पिणाऱ्याला ठसका लागावा. कोणी त्यांना हिंमतवान वगैरे म्हटलं की फार चिडायच्या. "हिंमत कसली? गाडी चालवते मी, वाघ नाही."

त्यांना गाडीतलं कसं कळायला लागलं, त्याची गोष्ट त्या हसत हसत सांगत. त्यांचे यजमान, आमचे अप्पा, यंत्रांच्या सुट्या भागांच्या विक्रीसाठी गावोगाव फिरत. त्यांनी एक जुनी करडी गाडी घेतली होती. पण अप्पांना लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि उजवाही बेताचाच होता. इंजिन खडखडलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. म्हणून सुट्टीत त्यांच्याबरोबर निघालं की वन्सं शेजारी बसून ऐकायच्या. अप्पांनी गाडी चालवायची आणि वन्संनी कान द्यायचा, अशी वाटणी होती. कुठला आवाज कशाचा, हे त्या अप्पांना विचारायच्या, अप्पा मेकॅनिकला विचारायचे, आणि असं करत करत वन्सं दोघांच्याही पुढे गेल्या. अप्पा अचानक गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता गाडी विकतील. वन्संनी त्याऐवजी लायसन्स काढलं.

त्यांची एक पद्धत होती. 'गाडी बिघडली' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायचं नाही. उच्चारलं की त्या शाळेतल्यासारख्या उलट विचारायच्या, "म्हणजे नक्की काय? उभी असताना की चालताना? थंड असताना की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? आणि दाबून की सोडून?" या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. मी सुरुवातीला फार वैतागायचे. एकदा म्हटलंही, "वन्सं, डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाहीत हो." त्या म्हणाल्या, "म्हणून तर एवढी माणसं विनाकारण कापली जातात."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शरदला स्कूटरचा अपघात झाला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्यात वाकेना. काठीने चालता येत होतं. मात्र लोकलची चढउतार करणं शक्यच नव्हतं. त्याची नोकरी ठाण्याला एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होती. साहेब भला माणूस, त्याने जागा राखून ठेवली होती, पण रजेलाही शेवट असतो. शरद म्हणायला लागला की राजीनामा देतो. माझी बँकेत नोकरी होती, चूल पेटली असती, प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता की हा माणूस दिवसदिवसभर खिडकीशी पाय लांब करून बसायचा, कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचा, आणि दाढीसुद्धा मी आठवण केल्यावर करायचा. या रजेनंतर तो कामावर गेला नाही तर पुन्हा कधीच उंबरा ओलांडणार नाही, हे मला दिसत होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि बोलायची चोरी. बोललं की तो म्हणायचा, "आता माझ्यात काही राम नाही. सोड."

एका रविवारी वन्सं कोपरीहून स्वतः ती करडी गाडी चालवत डोंबिवलीला आल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझी बँक ठाण्यात, याचा कारखाना ठाण्यात. तू चालव, याला सोड, तू जा." मी हसले. मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण वन्संनी पुढचे कितीतरी रविवार एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर मला शिकवलं. त्या गाडीत गिअरचा दांडा आजच्यासारखा पायाशी नव्हता. स्टीअरिंगच्या खाली, डाव्या बाजूला आडवा बसवलेला होता, आणि पुढची सीट बाकासारखी सलग होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्या दांड्यावरच घडलं.

शिकत असतानाच गिअर टाकताना करकर व्हायला लागलं. पहिल्याला आणि रिव्हर्सला तर असं काही दळल्यासारखं व्हायचं की रस्त्यातली माणसं वळून बघायची. मला वाटलं, मीच गाडीची वाट लावली. वन्संनी इंजिन बंद करायला सांगितलं. "आता टाक." लोण्यासारखे सगळे गिअर पडले. "चालू कर. आता टाक." पुन्हा करकर! "मग बॉक्सचा दोष नाही," त्या म्हणाल्या, "क्लच पुरता सुटत नाहीये." त्या खाली उतरल्या, दाराशी उकिडव्या बसल्या, पेडलखाली हात घातला आणि एकदम हसायला लागल्या. आमच्या सासूबाईंनी, सुनेचे पाय तापू नयेत म्हणून, जुन्या लुगड्यांची चांगली जाडजूड गोधडी शिवून गाडीत पायांखाली अंथरली होती, कडेने टाके घालून, कोपऱ्यात कोयरी काढून! क्लचचं पेडल त्या गोधडीवर टेकायचं आणि तिथेच थांबायचं. मी म्हटलं, "आईंना सांगते." वन्संनी माझा हात धरला. घरी जाऊन त्या आईला म्हणाल्या, "आई, तुझ्या हातच्या कोयरीवर चपला ठेवायला नको वाटतं गं. सीटवर घालतो आम्ही." सासूबाई खूश. गाडीतली गोधडी नेमकी कुठे नडत होती, हे त्यांना कधीच कळलं नाही.

रजा संपत आली, माझा हात बसला, आणि नेमका तेव्हाच तिसरा गिअर निसटायला लागला. तिसरा टाकला, जरा पुढे गेलं, ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप उडी मारून बाहेर यायचा. इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडीची ओढच जायची. डोंबिवलीशेजारच्या कोपरला खाडीच्या बाजूच्या जुन्या गावात हिरामण पाटलाचं गॅरेज होतं, तिथे मी गाडी नेली. हिरामणने एक फेरी मारली आणि मान हलवली. "वयनी, तिसरा र्‍हात नाय. बॉक्स उतरवाया लागल. आत काय काय गेलाय ते उतरवल्याबिगर नाय समजाचा." किती दिवस? त्याने हात वर केले. सामान मिळेल तेव्हा. गाडी तिथेच ठेवून मी घरी येऊन हे सांगितलं तर शरदचा चेहरा चक्क मोकळा झाला. "बघ," तो म्हणाला, "नशिबातच नाही. मी साहेबांना पत्र लिहितो." मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतकी आपटली की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वन्सं परस्पर कोपरला गेल्या. तिथे त्यांचं आणि हिरामणचं काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी त्या गाडी घेऊनच आमच्या दारात आल्या आणि बसल्या बसल्या निकाल दिला. "बॉक्स उतरवायची गरज नाही, तो ठणठणीत आहे. इंजिन ज्यावर बसतं त्यातलं एक रबर फाटलंय. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन कलतं, गिअरच्या सळ्या ओढल्या जातात आणि तिसरा सुटतो. रबर मिळालं की बसवेल हिरामण. तोवर तिसरा पडला की दांडा हाताने धरून ठेवायचा." मी विचारलं, "आणि स्टीअरिंग?" "ते दोन्ही हातांनी. नवी आहेस तू." "म्हणजे तीन हात लागणार!" "पुढच्या सीटवर चार असतात," वन्सं म्हणाल्या आणि शरदकडे बघितलं.

शरद भडकला. "म्हणजे बायको गाडी चालवणार आणि मी शेजारी दांडा धरून बसणार? लोक काय म्हणतील, ताई?" वन्सं शांतपणे बशीत चहा ओतत होत्या. "अप्पा चालवायचे आणि मी शेजारी कान देऊन बसायची. लोक काहीच म्हणाले नाहीत. तुझा पाय गेलाय रे, हात कुठे गेलेत?" तो काठी आपटत आतल्या खोलीत गेला. पण सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा त्याची दाढी झालेली होती.

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. शरद तोंड फिरवून बाहेर बघत बसला होता. शिळफाट्याला मी तिसरा टाकला, समोर बैलगाडी आली म्हणून ॲक्सिलरेटर सोडला, आणि खाड्कन गिअर निसटला. मागून ट्रकवाला हॉर्नवर बसला. शरदने न बघताच उजवा हात टाकून दांडा ढकलला, तर घर्रर्र... "क्लच! क्लच दाब गं!" कितीतरी महिन्यांनी तो माझ्यावर ओरडला होता, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! मी क्लच दाबला, त्याने तिसरा बसवला आणि धरून ठेवला. मुंब्रा येईपर्यंत आमचा ठेका बसला. तो विचारायचा, "दाबलं?" मी म्हणायचे, "दाबलं." तो दांडा ओढायचा आणि सांगायचा, "पडला. सोड." कळव्याच्या पुलावर तर तो मलाच शिकवायला लागला, "निसटायच्या आधी दांडा थरथरतो, मला हाताला कळतं. मी सांगेन तेव्हाच पाय काढ." कारखान्याच्या फाटकाशी दोघेचौघे ओळखीचे उभे होते. मला वाटलं, आता हा उतरत नाही. पण तो उतरला, काठी सावरली आणि खिडकीत वाकून म्हणाला, "संध्याकाळी उशीर करू नकोस. एकटीला तिसरा धरता येणार नाही तुला."

रबर काही लवकर आलं नाही. वन्संना विचारलं की म्हणायच्या, "मिळत नाहीये गं, जुनी गाडी." दर रविवारी मात्र गाडी हिरामणकडे दाखवून आणायचीच, असा त्यांचा दंडक होता. तो खालून वरून बघायचा, तेल तपासायचा आणि म्हणायचा, "चालवा बिनधास्त." दरम्यान शरद गाडीत पुरता शिरला होता. तो आणि वन्सं फोनवर तासन्‌तास वाद घालायचे. "ताई, दुसऱ्याला गुणगुणतंय." "चढावर की सपाटीला?" "चढावर." "मग तेल बघ आधी, बॉक्सवर आळ घेऊ नकोस." मी मागे उभी राहून हातवारे करायचे की बिल मला भरायचंय. हिवाळ्यात आम्ही सगळे खडवलीला नदीवर जेवण घेऊन गेलो, तर ही भावंडं भाकरी हातात घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालून उभी, आणि सासूबाई नदीकाठी एकट्या बसून "अरे, पिठलं गार होतंय" म्हणून हाका मारतायत! शरद मोठ्याने हसत होता. अपघातानंतर मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं.

मग कधीतरी रबर आलं, हिरामणने बसवलं, आणि तिसरा गिअर मुकाट जागेवर राहायला लागला. एव्हाना शरद कामात पुन्हा रुळला होता. पुढे त्याच विभागाचा प्रमुख झाला. गाडी बदलायचं आमच्या मनात बऱ्याचदा आलं, शेजारीपाजारी नव्या छोट्या गाड्या आल्या, पण जमलं नाही. बदलली नाही, हेच खरं.

वन्सं गेल्यानंतर बरेच दिवस मी ते ओरडणारं बेअरिंग तसंच ठेवलं होतं. त्यांनी शेवटचं सांगितलेलं काम होतं ते, उरकून टाकावंसं वाटेना. अखेर मागच्या आठवड्यात बँकेतून रजा काढून कोपरला गेले. हिरामण आता थकलाय. हाताखालच्या मुलांना गाडी दिली आणि मला बाकावर बसवून घरून चहा मागवला. ताई गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, "वयनी, यक सांगू का? ताई होत्या तवर बोललो नाय. त्यांनी शपत घातलेली." मी म्हटलं, "सांगा." "तो रबर... त्या तिसऱ्या गिअरचा. तो कुटं मिलत नव्हता, असा काय नव्हता. त्याच दिशी माझ्याकडं डब्यात पडलेला. अर्ध्या तासाचा काम. मी पाना घेतला, तं ताई बोलल्या, हिरामण, र्‍हाऊ दे. मी बोललो, अवो ताई, गिअर सुटंल ना! तं बोलल्या, सुटू दे. माझ्या भावाला धराला कायतरी पायजे."

मला आधी रागच आला. त्या तिसऱ्या गिअरपायी मी किती घाम गाळला होता, किती ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या! हिरामण घाईघाईने म्हणाला की ताईंनी स्वतः पुन्हा पुन्हा चालवून बघितलं होतं, दर रविवारी तपासणीही त्याचसाठी होती, जरा जास्त कलतंय असं दिसलं असतं तर त्याच दिवशी बसवायचं ठरलं होतं. मी ऐकत होते आणि राग कुठच्या कुठे गेला. मला दिसत होत्या त्या वन्सं, शाळेची पिशवी खांद्याला, त्या बाकापाशी उभ्या. गाडीला चार प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी तेच प्रश्न मनातल्या मनात शरदबद्दलही विचारले असणार. एवढ्या सगळ्यांनी त्याच्या पायाकडे बघितलं, मीसुद्धा. हा माणूस बसलाय कशाने, हे एकट्या वन्संनी शोधून काढलं. मी हिरामणच्या त्या बाकावर बसून पदराने डोळे पुसले आणि चहा प्यायले. त्याच्या बायकोने त्यात भरपूर आलं घातलं होतं.

बेअरिंग बदललं. संध्याकाळी ठाण्याला शरदला घ्यायला गेले. तो आला, काठी मागे ठेवली, आईंच्या गोधडीवर टेकला. ती गोधडी आता अगदी विरलीय, कोयरी ओळखू येत नाही, पण सीटवरून हललेली नाही. कळव्याच्या पुलावर मी तिसरा टाकला आणि इतकी वर्षं जातो तसा त्याचा हात आपसूक दांड्यावर गेला. गिअर निसटत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. मी त्याला हिरामणने सांगितलेलं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मुंब्रा गेलं, दुकानांचे दिवे मागे पडले... मला वाटलं, सांगायला नको होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय म्हणून बघते तर हसत होता, दोन्ही एकदमच चाललं होतं म्हणा ना.

"लबाड आहे ताई," तो म्हणाला.

हात त्याने काढला नाही. शिळफाट्याला गर्दी होती, दुसऱ्यावर यावं लागलं.

"दाबलं?" त्याने विचारलं.

"दाबलं," मी म्हटलं.